तोफेमागची नोकरी

तोफखान्यातल्या माणसाला शत्रू दिसत नाही. ज्याच्यासाठी तो गोळे डागतो, तो आपला जवानही दिसत नाही. मधे डोंगर असतो. वायरलेसवर एक आवाज येतो, आकडे सांगतो. त्या आकड्यांवर तोफेची नळी फिरते आणि कित्येक किलोमीटर पलीकडे गोळा पडतो. हे काम मी १९८७ पासून २०१३ पर्यंत केलं. गनर म्हणून भरती झालो, नायब सुभेदार म्हणून पेन्शनीत आलो. गावात, शाळेत, लग्नाच्या मांडवात लोक मला कारगिलचं विचारतात. विचारणारच, कारण लढाई म्हणजे तीच त्यांना ठाऊक आहे. पण कारगिलचा तो उन्हाळा समजून घ्यायचा तर त्याच्या आधीची बारा वर्षं सांगावी लागतात.

आमचं गाव माण तालुक्यातलं. पाऊस कमी, जमीन हलकी, ज्वारी-बाजरीवर भागवायचं. साताऱ्याच्या आमच्या पट्ट्यात घरटी एक जण मुंबईला, नाहीतर मिल्ट्रीत. माझे चुलते मराठा पलटणीत होते. त्यांची पांढऱ्या अक्षरांत नाव-नंबर रंगवलेली काळी ट्रंक आमच्या माळवदाच्या घरात मानाच्या जागी असायची. बारावी झाल्यावर मी कोल्हापूरला भरतीला गेलो. सोळाशे मीटर धावलो, आडव्या दांड्याला लटकून बीम काढल्या, छाती मोजून दिली. मनात बेळगावचं केंद्र होतं, चुलत्यांची मराठा लाइट इन्फन्ट्री होती. कागद आला तो तोफखान्याचा. मी जरा हिरमुसलो. माझे वडील, अण्णा, म्हणाले, "पलटण कुठली का असंना, ज्याचं मीठ खाशील त्याला जाग." एवढं बोलून ते बैलांना पाणी दाखवायला गेले.

नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये पाऊल टाकलं तेव्हा मला धड हिंदी येत नव्हतं. शेजारच्या खाटेवर बिहारचा पोरगा, पलीकडे तामिळनाडूचा, समोर हरियाणाचा. पहाटे पीटी, मग ड्रिल, दुपारी वर्ग, संध्याकाळी खेळ, रात्री रोल कॉल. काही महिन्यांत आम्ही एकमेकांच्या भाषेत शिव्या द्यायला आणि एकमेकांच्या आईचं पत्र वाचून दाखवायला शिकलो.

तिथं पहिल्यांदा कळलं की पायदळाच्या पलटणीला जसं निशाण असतं, तसं तोफखान्याचं निशाण म्हणजे तोफच. कसम परेडला आम्ही तोफांच्या साक्षीनं शपथ घेतली. त्या दिवसापासून तोफेला टेकून उभं राहायचं नाही, तिच्यावर बूट ठेवायचा नाही. दरवर्षी २८ सप्टेंबरला तोफखान्याचा दिवस साजरा होतो. १८२७ साली त्या तारखेला बॉम्बे माउंटन बॅटरी उभी राहिली. भारतीय तोफखान्यातली सर्वांत जुनी, अजून चालू असलेली तुकडी ती. मुंबई इलाख्याच्या गोलंदाजांपासून सुरू झालेल्या या वंशात आपण आलो, याचा मला त्या वयातही अभिमान वाटला. बेळगाव मनातून हळूहळू मागं पडलं.

आमचे एक उस्ताद होते, हवालदार, आवाज खणखणीत. गोळ्याच्या नाकावर फ्यूज बसवतात. गोळा जमिनीला लागल्यावर फुटायचा की हवेतच, हे त्यावर ठरतं. उस्ताद आमच्या डोळ्यांवर पट्टी बांधून फ्यूजची किल्ली हातात द्यायचे आणि सेटिंग करायला लावायचे. बोटांना खाचा कळल्या पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. दुसरं म्हणजे आकडा कानावर आला की तो मोठ्यानं परत म्हणायचा. एकानं म्हणायचा, दुसऱ्यानं लावायचा, तिसऱ्यानं तपासायचा. 'अंदाजे' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची कोणाची टाप नव्हती. ते म्हणायचे, "बेटा, दुश्मन पर गोला गलत गिरा तो एक गोला गया. अपने पर गिरा तो सब गया." देवळालीच्या रेंजवर पहिला गोळा डागला तेव्हा छातीत जो हादरा बसला तो आठवतोच, पण त्याआधी उस्तादांनी माझं रीडिंग तीन वेळा तपासलं, ते त्याहून पक्कं आठवतं.

पुढं मी बोफोर्सच्या रेजिमेंटमध्ये गेलो. स्वीडनच्या बोफोर्स कंपनीबरोबर १९८६ साली ४१० तोफांचा करार झाला होता आणि त्यानंतर वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत त्या नावाबरोबर दलालीच्याच बातम्या आल्या. सुट्टीवर आलो की पारावर राजकारण निघायचं. आम्ही मात्र ती तोफ हातानं ओळखत होतो. १५५ मिलिमीटरची नळी, चाळीस किलोच्या वरचा गोळा, सहा जणांची टोळी. ट्रकमागं ओढायची, पण तिला स्वतःचंही इंजिन असल्यानं थोडं अंतर ती आपली आपण सरकते. सराव चांगला असेल तर पाव मिनिटाच्या आत तीन गोळे बाहेर पडतात. लगेच जागा बदलायची, म्हणजे शत्रूचा उलटा मारा यायच्या आत आपण तिथून निघालेलो असतो.

नव्वदीचं सगळं दशक माझं या तोफेच्या सेवेत गेलं. आठवड्यातला एक दिवस निव्वळ मेंटेनन्सचा. नळीत लांब दांड्याचा ब्रश घालून चार जणांनी एका तालात ओढायचा, ग्रीस काढायचं, नवं भरायचं, प्रत्येक बोल्टची नोंद रजिस्टरमध्ये. वर्षातून एकदा राजस्थानच्या वाळूत फायरिंगचा सराव. बाकी गार्ड ड्यूटी, लंगरची पाळी, इन्स्पेक्शनची चुनापट्टी. लढाई नसताना फौजी काय करतो, असं मला अनेकांनी विचारलंय. तो हेच करतो आणि रोज करतो.

१९९२ ला लग्न झालं. कुटुंब गावी राहिलं. फॅमिली क्वार्टर शांततेच्या ठिकाणी पोस्टिंग असलं, त्यातही नंबर लागला, तरच मिळायचं. पत्नीची पत्रं निळ्या अंतर्देशीवर यायची. पत्त्यात गावाचं नाव नसायचं, नंबर, रेजिमेंट आणि खाली '५६ एपीओ'. मी पंजाबात आहे की जम्मूत, ते फक्त लष्करी टपाल खात्याला ठाऊक. थोरली मुलगी जन्मली तेव्हा मी रेंजवर होतो, तिचं बारसं झाल्याचं मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. वर्षाला दोन महिन्यांची सुट्टी मिळायची. त्यात विहिरीचा गाळ, तलाठ्याकडची कामं, भावकीतली लग्नं उरकायची. मुलं माझ्याशी मोकळी बोलायला लागायची तोवर परतीचं रिझर्व्हेशन आलेलं असायचं. सासू-सासऱ्यांचं आजारपण, दुष्काळात पाण्याची वणवण, मुलांच्या शाळा हे सगळं माझ्या पत्नीनं एकटीनं पेललं. पेन्शन माझ्या नावानं निघते, तिची ही नोकरी कुठल्या कागदावर नाही.

मे १९९९ मध्ये हुकूम आला. सुट्टीवर गेलेल्यांना तारा गेल्या. कोणी हळदीच्या अंगानं परतला, कोणी बापाचं ऑपरेशन टाकून. जम्मू, श्रीनगर आणि मग जोजिला खिंड. साडेअकरा हजार फुटांवरच्या त्या अरुंद रस्त्यावरून बारा टनांची तोफ नेताना ड्रायव्हरच्या हातांकडं बघत राहायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. खिंडीपलीकडं द्रास. घरं ओस, गुरं मोकळी. डोक्यावर तोलोलिंगचा डोंगर आणि त्याच्यावर शत्रू. तिथून त्याला श्रीनगर-लेह रस्त्यावरची प्रत्येक गाडी दिसत होती. लेहला आणि सियाचिनकडं जाणारं सगळं सामान याच रस्त्यानं जायचं. म्हणून आमचे ट्रक रात्री दिवे मालवून चालायचे.

उंचीवर तोफखान्याचं गणितच बदलतं. हवा विरळ, त्यामुळं गोळ्याला अडथळा कमी, तो नेहमीपेक्षा लांब जातो. रेंज टेबलमधले आकडे तिथं जसेच्या तसे चालत नाहीत. रात्री थंडी पडली की गोळा ढकलणाऱ्या दारूच्या पिशव्यांचं तापमान उतरतं आणि गोळा आखूड पडतो. आम्ही पिशव्यांच्या थप्पीत थर्मामीटर ठेवायचो आणि दर थोड्या वेळानं कमांड पोस्टला आकडा कळवायचो. शत्रू कड्याच्या धारेवर संगरांत, म्हणजे दगड रचून केलेल्या आडोशांत, बसलेला. गोळा जरा लांब गेला तर पलीकडच्या दरीत, जरा आखूड पडला तर खाली चढणाऱ्या आपल्याच पोरांवर. म्हणून एकेका शिखरावर एकेक गोळा टाकून, वरचा ऑब्झर्व्हेशन अधिकारी सांगेल तशी दुरुस्ती करत, त्या शिखराचे आकडे पक्के करायचे आणि लिहून ठेवायचे. तो अधिकारी तोफखान्याचाच असतो, पण राहतो पायदळाबरोबर, सगळ्यात पुढं. आमच्यासाठी तो म्हणजे वायरलेसवरचा आवाज.

मेच्या उत्तरार्धापासून १८ ग्रेनेडियर्सनं तोलोलिंगवर हल्ले चढवले होते. मेजर राजेश अधिकारी आणि लेफ्टनंट कर्नल विश्वनाथन तिथं पडले. उघड्या कड्यावर, वरून मशीनगनचा मारा होत असताना माणसं चढत होती. पुरेशा तोफा पोचल्याशिवाय हा डोंगर हाती येत नाही हे तेव्हा सगळ्यांना कळून चुकलं. त्या तोफा आम्ही घेऊन आलो होतो.

१२ जूनला संध्याकाळी २ राजपुताना रायफल्सच्या हल्ल्याआधी आमचा मारा सुरू झाला. मी तेव्हा हवालदार, तोफेचा नंबर वन, म्हणजे टोळीचा प्रमुख. कमांड पोस्टमधून आकडे येतात. मी ते मोठ्यानं परत म्हणतो. लेअर, म्हणजे नेम लावणारा जवान, नळी लावतो, मी वाकून साइट तपासतो. दोघं गोळा पाळण्यावर ठेवतात, आत ठासतात, मागून दारूच्या पिशव्या जातात, ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं दार, बंद. 'रेडी' कळवतो. 'फायर'. जमीन हलते, धुरळा उठतो, ब्रीच उघडते, पुढचा गोळा तयारच असतो. पहिल्या तासात हातांची कातडी सोलल्याचं कळत होतं, नंतर तेही कळेना. नळी इतकी तापली की तिच्यावरचा रंग फुगून आला. कानांत कापसाचे बोळे होते, तरी शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागत होतं. त्या सगळ्या गोंगाटात मी दर गोळ्याला वाकून साइट बघत होतो, नाशिकच्या उस्तादांनी लावलेल्या सवयीनं. थकल्यावर माणसाची बुद्धी दगा देते, सवय देत नाही.

मग वायरलेसवर मारा पुढं सरकवायचा हुकूम आला. म्हणजे आपली माणसं इतकी वर पोचली की आता त्यांच्यासमोर गोळा टाकणं धोक्याचं. आम्ही नळ्या पलीकडच्या उतारावर वळवल्या, काही वेळानं थांबलो. तोफेजवळ उभं राहून वरून येणाऱ्या हलक्या हत्यारांचा तुटक आवाज ऐकत राहिलो. त्या वेळी आमच्या हातात काहीच नव्हतं. पहाटे कळलं, तोलोलिंग आपल्याकडं आलं. मेजर विवेक गुप्ता गेले होते. ते पडल्यावर त्यांच्याबरोबरच्या तोफखान्याच्या तरुण अधिकाऱ्यानं, कॅप्टन मृदुल कुमार सिंहांनी, पायदळाच्या जवानांना सावरून धरलं. आम्ही तोफेशेजारी चहा पीत ही बातमी ऐकली. कोणी जल्लोष केला नाही. एकानं ब्रश उचलला, नळी साफ करायला आम्ही सगळे लागलो.

शत्रूच्या तोफाही गप्प नव्हत्या. त्या कुठून मारतात हे शोधणारी रडारं तेव्हा आपल्याकडं पुरेशी नव्हती. आमच्या बॅटरीतला तामिळनाडूचा एक पोरगा दारूगोळा उतरवताना स्प्लिंटर लागून गेला. तो सुट्टीवरून नुकताच परतला होता, आईनं दिलेला मुरुक्कूचा डबा त्यानं सगळ्या टोळीला वाटला होता. त्याच संध्याकाळी परत फायरिंग होतं आणि त्याच्या जागी दुसरा उभा राहिला. त्याच्यासाठी रडायला आम्हाला जुलै उजाडावा लागला.

टायगर हिलच्या वेळी काही तोफा रस्त्याजवळ पुढं आणल्या, शिखरावर सरळ नेम धरून मारण्यासाठी. इतक्या वर्षांत लक्ष्य मी स्वतःच्या डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होतो. ४ जुलैला ते शिखर घेतलं. त्या लढाईत एका दिवसात सुमारे नऊ हजार गोळे पडल्याची नोंद आहे आणि सगळ्या कारगिलमध्ये तोफखान्यानं अडीच लाखांहून जास्त गोळे, रॉकेटं डागली. हे आकडे सांगताना मला ते ड्रायव्हर आठवतात, ज्यांनी जोजिलावरून हा दारूगोळा रात्रंदिवस वाहून आणला. एकेक गोळा कोणाच्या तरी खांद्यावरून आमच्यापर्यंत आला होता. २६ जुलैला लढाई संपल्याचं जाहीर झालं. आपले ५२७ जण गेले.

जुलैच्या शेवटी पत्नीचं पत्र मिळालं. पाऊस पडलाय, बाजरी पेरली, धाकट्याला गोवर येऊन गेला, आता बरा आहे. रेडिओवर द्रासचं नाव ऐकून तिचं काय होत होतं, त्यातलं एक अक्षर तिनं लिहिलं नव्हतं. मीही उत्तरात एवढंच लिहिलं की मी खुशाल आहे, थंडी आहे, स्वेटर मिळालाय.

पुढं संसदेवर हल्ला झाला आणि डिसेंबर २००१ पासून ऑपरेशन पराक्रममध्ये आम्ही राजस्थानच्या सीमेवर गेलो. तोफा खड्ड्यांत, नळ्या सीमेकडं, गोळे रचलेले. हिवाळा गेला, पन्नास अंशांकडं झुकणारा उन्हाळा गेला, पावसाळा गेला. एकही गोळा डागला नाही. सुरुंग पेरताना आणि पुढं काढताना आपली माणसं दगावली, त्यांच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मला कोणी विचारलं की कारगिल अवघड की पराक्रम, तर मी पराक्रम सांगतो. लढाईत माणूस जागा राहतोच. जिथं रोज काहीच होत नाही, तिथं रोज तितकंच जागं राहायला फार बळ लागतं आणि ते बळ जवानांना देणं हे माझ्यासारख्या हवालदाराचं काम होतं.

काही वर्षांनी कानांच्या तपासणीसाठी मी पुण्याला लष्करी रुग्णालयात गेलो होतो. तिथं राजपुताना रायफल्सचा एक हवालदार भेटला. पाय गुडघ्याखाली गेलेला, पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात नवा पाय बसवून घ्यायला आलेला. बोलता बोलता तोलोलिंग निघालं. मी त्या रात्री खाली तोफेवर होतो असं म्हटल्यावर तो माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "जब तक तुम्हारा गोला आगे गिर रहा था, डर नहीं लगा. जब फायर बंद हुआ, तब लगा." तेव्हा मला कळलं की आम्ही हात बांधून उभे होतो, त्याच घटकेला वर हा माणूस शेवटचा कडा चढत होता. नोकरीभर ज्याच्यासाठी आकडे तपासले तो जवान मी त्या दिवशी पहिल्यांदा समोर पाहिला. आम्ही कँटीनमध्ये चहा घेतला. पत्ते लिहून घेतले. त्याचं दिवाळीचं कार्ड बरीच वर्षं येत होतं.

आता डाव्या कानानं मला जवळजवळ ऐकू येत नाही. उजव्यात रात्रंदिवस एक बारीक शिट्टी वाजते. नातवंडं उजव्या बाजूला बसून बोलतात, त्यांना हे सांगावं लागलं नाही. तोफखान्यातल्या कित्येकांचं हेच आहे. तक्रार म्हणून सांगत नाही, पण लोकांना ठाऊक असावं. गोळी न लागताही लढाई माणसाच्या अंगात राहते. २०२२ मध्ये द्रासच्या पॉइंट ५१४० ला तोफखान्याच्या सन्मानार्थ 'गन हिल' नाव दिलं, ती बातमी मी मुलाकडून दोनदा वाचून घेतली. पायदळानं प्राण देऊन घेतलेल्या शिखराला आमचं नाव मिळालं. दोघांनी मिळून केलेल्या कामाचा तो मान आहे, असं मी समजतो.

पहाटे आमच्या गावच्या माळावर भरतीची तयारी करणारी पोरं धावतात. मी घड्याळ घेऊन जातो. आता ती अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी जातात आणि त्यांतली फार तर चौथाई पुढं कायम होऊ शकतात. धोरण ठरवणं माझं काम नाही. मी तोफेचा नंबर वन झालो तो भरतीनंतर कितीतरी वर्षांनी आणि तोलोलिंगच्या रात्री माझ्या टोळीतला प्रत्येक जण मुरलेला होता, एवढं मात्र मी जाणत्यांना कळकळीनं सांगेन. तोफ विकत आणता येते, ती टोळी वर्षानुवर्षं एकत्र राबूनच तयार होते. तयार झालेली माणसं हातची जाऊ देऊ नका.

आणि पोरांना सांगतो की धावणं, छाती, बीम हे गेटपर्यंतचं आहे. आत गेल्यावर रोजचं काम कंटाळवाणं वाटेल. एकाच बोल्टला शंभरदा हात लावावा लागेल. तो शंभराव्या वेळीही तितक्याच नेकीनं लावा. वर कड्यावर कोणीतरी तुमच्या भरवशावर चढतोय. तो तुम्हाला बहुधा कधी भेटणार नाही, तुमचं नाव त्याला कळणार नाही, तरी त्याचा जीव तुमच्या त्या एका आकड्यावर आहे. मला फौजेनं दिलेलं सगळ्यात मोठं देणं म्हणजे हा भरवसा. त्याला पात्र राहण्यातच माझी उमर गेली आणि तिचं सार्थक झालं, असं मी मानतो.